गोळ्या वाजू नयेत म्हणून

मित्रांनो, या जगात शांतता राखण्याचं काम फार थोड्यांच्या नशिबी येतं. मोठमोठ्या राष्ट्रांनी सैन्यं ठेवली, परिषदा भरवल्या, हस्तांदोलनाचे फोटो काढले. तरी जी शांतता त्यांना धड आठवडाभर टिकवता आली नाही, ती मी एकट्याने, बिनपगारी, एकही रजा न घेता दोन वर्षं राखली. इतिहासात माझी नोंद व्हायला हरकत नाही.

मी एक जुना कापसाचा बोळा आहे.

हसू नका. आकार लिंबाएवढा, मूळचा रंग पांढरा, आत्ताचा विचारू नका. माझं राज्य म्हणजे एक प्लास्टिकची बाटली. तीत तीस गोळ्या मावत, आणि दर महिन्याच्या नव्या गोळ्याही तीतच ओतल्या जात. बाटली हलली की गोळ्या वाजत, आणि त्या वाजू नयेत म्हणून मला त्यांच्या डोक्यावर कोंबून बसवलं होतं. लोक तोंडात बोळा कोंबतात, तसा मी बाटलीच्या तोंडात.

माझा जन्म कुठल्या शेतात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते थेट अंधेरीचं औषधाचं दुकान. तिथे मी निळ्या कागदात गुंडाळलेल्या सुरळीत, माझ्या भावंडांच्या मिठीत झोपलो होतो. वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या कृष्णाबाईंनी आम्हाला विकत घेतलं आणि एकवीरेच्या फोटोमागे ठेवून दिलं. कृष्णाबाई अंधेरीच्या बाजारात मासळी विकत. सकाळी बंदरावर जाण्याआधी त्या सुरळीतून चिमूटभर कापूस काढून वात वळत. माझी बरीचशी भावंडं अशी देवापुढे जळून गेली. एकजण कृष्णाबाईंच्या कानदुखीत कामी आला. सगळ्यांचं सोनं झालं म्हणायचं. आपलाही नंबर वातीत लागणार, अशी माझी समजूत होती.

पण एका संध्याकाळी कृष्णाबाईंचा मुलगा दिपेश घरी आला. वय तेवीस. अंधेरीला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला, आणि शनिवार-रविवार कोळीवाड्याच्या बँडमध्ये ढोलकीवर. त्याने खिशातून एक बाटली काढली, कोमट पाण्यात भिजवली आणि तिच्यावरचं लेबल नखाने खरवडून काढलं. अक्षरं गेली. मग बाटली पुसताना ती वाजली.

खळ्.

"काय वाजतंय रं?" आतून कृष्णाबाई. त्या बोंबील साफ करत होत्या.

"स्क्रू गं. मोबाईलचे."

"एवढं स्क्रू घरी कशाला आनतोस? पायात जातील माज्या."

दिपेशने इकडेतिकडे पाहिलं. एकवीरेच्या फोटोमागे हात घातला, सुरळीचा लचका तोडला आणि मला बाटलीत कोंबलं. बाटली कानाजवळ नेऊन हलवली. काही नाही. पुन्हा हलवली.

"झकास!" तो पुटपुटला आणि बाटली ढोलकीच्या पिशवीत दडवली.

मित्रांनो, आयुष्यात माझं एवढंच कौतुक झालं. पण किती जणांचं तेवढंही होतं?

आत माझ्याआधीपासून एक भाडेकरू राहत होता: ओल शोषणारी एक चपटी पुडी. तिच्या अंगावर इंग्रजीत "खाऊ नये" असं छापलेलं होतं. त्या बाटलीत जे काही होतं, त्यात उघडपणे काही सांगत असेल तर ती एकटी पुडी. बाकी सगळा गप्पांचा कारभार, म्हणजे गप्प बसण्याचा.

आता गोळ्या कसल्या, ते सांगतो. दिपेशला पुरुष आवडत. हे त्याला पंधराव्या वर्षापासून ठाऊक होतं आणि कोळीवाड्याला आजही ठाऊक नाही. ज्या कोळीवाड्यात कुणाच्या घरी आज पापलेट शिजलंय ते त्या घरातल्या माणसाच्या आधी शेजारी सांगतो, त्या कोळीवाड्यात ही बातमी आठ वर्षं दडवणं म्हणजे चेष्टा नाही. त्या आठ वर्षांत कधीतरी, कुणाकडून तरी, एचआयव्ही आला. कुणाकडून, ते दिपेशने कधी शोधलं नाही. तपासणी केली तेव्हा त्याचं वजन सत्तेचाळीस किलो होतं आणि अंगातले पहारेकरी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, जवळजवळ संपले होते. रोज एक गोळी, ठरल्या वेळी, जन्मभर. एवढाच उपाय, आणि उपाय नामी होता.

औषध सरकारी केंद्रात मिळे. दिपेशने केंद्र निवडलं ते घाटकोपरचं. जवळच्या केंद्रात ओळखीची माणसं निघण्याची भीती. वेसाव्याचा माणूस घाटकोपरला कशाला जाईल? म्हणून मेट्रोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लपायला माणूस जंगलात जातो असं जुन्या गोष्टींत असतं. आता तो वातानुकूलित डब्यात बसून शेवटच्या स्टेशनला जातो.

तिथल्या रांगेत त्याला केतन भेटला. टोकन अठ्ठावीस दिपेशचं, एकोणतीस केतनचं. केतन नाहूरचा, एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचा आणि गोळ्या दोन वर्षं आधीपासून घेत होता. नव्या माणसाचा चेहरा त्याने ओळखला.

"पहिली वेळ?" केतनने विचारलं.

"नाही, मी मित्राबरोबर आलोय."

"मित्र कुठाय?"

दिपेश हातातलं टोकन फिरवू लागला.

"बरं, मग मीच तो," केतन म्हणाला. "चल, चहा पिऊ. अजून बाराजण आहेत आपल्या आधी."

प्रेम बागेत होतं, समुद्रावर होतं असं ऐकून होतो. यांचं दोन टोकनांच्या मध्ये झालं.

केतनच्या घरी सगळं ठाऊक होतं. त्याची आई राधाबाई सुरुवातीला महिनाभर रडली, मग एक दिवस उठली आणि तिने गोळ्यांची बाटली चहाच्या डब्याशेजारी, सगळ्यांसमोर मांडून ठेवली. तेव्हापासून त्या घरात रोज सकाळी आठला आरोळी व्हायची, "ए, खुळखुळा वाजव!" मग केतन बाटली हलवायचा, गोळी घ्यायचा आणि कामाला लागायचा. हे ऐकून दिपेश थक्क झाला होता. आईसमोर बाटली वाजवायची?

मग दोघांची हजेरी सुरू झाली. सकाळी आठला केतनचा फोन. तेव्हा कृष्णाबाई बंदरावर गेलेल्या असत. केतन आपली बाटली फोनजवळ हलवायचा. खळ् खळ् खळ्.

"हजर! आता तू."

"माझी वाजत नाही रे. बोळा घातलाय."

"मग काढ बोळा. केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या ना, कापूस ओल धरतो, गोळ्या खराब होतात."

"काढतो, काढतो. घे, गिळली. आऽऽ बघ तोंड."

"तोंड नको दाखवू, दात घासलेले नाहीयेस."

मित्रांनो, त्या वेळी मला फार अभिमान वाटायचा. एका बाटलीचा कसा बाजार चाललाय, आणि आपली बाटली कशी खानदानी! केतनची बाटली म्हणजे चव्हाट्यावरची बाई, असा माझा शेरा असे. मी कापूस आहे. माझी अक्कल तेवढीच.

दीड वर्ष सगळं छान चाललं. गोळी पोटात जात होती, दिपेश उभा राहत होता. सत्तेचाळीसचा पासष्ट झाला. गाल भरले. ढोलकीवरचा हात असा पडू लागला की हळदीत म्हातारी माणसंही उठून नाचायची. एक दिवस तपासणीचा कागद आला. केंद्रात संघमित्रा नावाच्या समुपदेशक मॅडम होत्या. त्यांनी दोघांना समोर बसवून समजावलं.

"रक्तात विषाणू सापडला नाही. म्हणजे तुझ्याकडून शरीरसंबंधातून कुणाला लागणार नाही. पण ऐक, तो गेलेला नाही, झोपलाय. गोळी थांबली की उठतो. आणि तुझे पहारेकरी मुळातच कमी, तू उशिरा आलास. तुला खेळ परवडणार नाही."

"नाही मॅडम. खेळ कसला."

त्या दिवशी दोघे जुहूला गेले, शेवपुरी खाल्ली आणि पाण्यात पाय बुडवून उभे राहिले. मी पिशवीत होतो. वाळू आत आली नाही, हे माझं नशीब.

आता इथून पुढचं नीट ऐका. माणसं आजाराने मरतात हे तुम्हाला ठाऊक असेल. दिपेशवर संकट आलं ते तब्येत सुधारल्यामुळे.

सत्तेचाळीस किलोच्या दिपेशकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. पासष्ट किलोच्या दिपेशला मुली सांगून येऊ लागल्या. प्रत्येक हळदीत बायका त्याला घेरायच्या. "काय रं ढोलकीवाल्या, दुसऱ्याच्या हलदीत किती दिस वाजवशील? तुजी कवा?" कृष्णाबाईंची छाती फुगायची. "पोर कसं भरलंय माजं! एकवीरेची कृपा." गोळ्यांची कृपा एकवीरेच्या नावावर जमा होत होती, देवीने तक्रार केली नाही.

चैत्रात मढच्या एका मुलीचं स्थळ आलं. नाव रुचिका. फोटो आला, पत्रिका जुळली, मुलीचे काका ज्येष्ठात घर बघायला येणार असं ठरलं. दिपेश दोन दिवस जेवला नाही. मुलीला फसवायचं त्याच्या मनात नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. आणि आईला खरं सांगायचं त्याच्या जिभेवर नव्हतं, हेही. तो फक्त म्हणायचा, "आई, आत्ता नको." कृष्णाबाई म्हणायच्या, "मग कवा? मी गेल्यावर?"

तिसऱ्या दिवशी सकाळी हजेरी झाल्यावर तो आरशासमोर उभा राहिला. बाटली हातात होती, झाकण उघडं. मला बाजूला काढून त्याने टेबलावर ठेवलेलं. गोळी तळहातावर. त्याने स्वतःचे गाल ओढून पाहिले. एकटा माणूस बाटलीशीही बोलतो.

"बारीक झालो ना," तो हळूच म्हणाला, "तर कोण पोरगी देणार?"

आणि गोळी परत बाटलीत टाकली. मला वरून दाबून बसवलं.

मित्रांनो, कोळीवाड्यात खंगलेल्या मुलाला मुलगी देत नाहीत. समुद्राचा धंदा, दोर ओढायला अंग लागतं. दिपेश मोबाईलचे स्क्रू ओढायचा, पण रीत ती रीत. त्याने हिशोब केला: दोन महिने गोळी बंद, जेवण अर्धं. अंग उतरेल, मुलीकडचे नाही म्हणतील. कुणाला काही सांगावं लागणार नाही, कुणाचं मन मोडणार नाही. मग गोळ्या पुन्हा सुरू. विषाणू काय, झोपलाय. दोन महिने झोपेल अजून.

बिनआवाजाची, बिनभांडणाची अशी युक्ती मी कुठे पाहिली नाही. मला तर ती फार आवडली. माझ्याच घराण्यातली होती ना!

हजेरी मात्र चालू राहिली. आठ वाजता खळ् खळ् खळ्.

"हजर. तू?"

"घेतली रे."

"वाजव."

"वाजत नाही, माहितीये ना तुला."

भरलेल्या बाटलीत गोळ्या दाटीने बसतात, अर्ध्या बाटलीत उड्या मारतात, रिकामी बाटली मुकी असते. कान असलेल्या माणसाला नुसत्या आवाजावरून कळतं गोळ्या जातायत की नाही. पण माझ्यामुळे भरलेली, अर्धी, रिकामी, तिन्ही सारख्याच. माझं काम इतकं चोख होतं.

जुलैत केंद्रात जायची तारीख आली. तिथे उरलेल्या गोळ्या मोजत. दिपेश आदल्या दिवशी भरतीच्या वेळी खाडीवर गेला आणि गोळ्या पाण्यात टाकून आला, हिशोबाला लागतील तेवढ्याच ठेवल्या. माशांना त्याने काही झाल्याचं ऐकिवात नाही. संघमित्रा मॅडमनी मोजून पाहिलं, गणित बरोबर आलं. त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "उतरलास का रे थोडा?" "डाएट करतोय मॅडम." तेवढ्यात बाहेर कुणी तरी चक्कर येऊन पडलं आणि त्या धावल्या. साठा कमी होता, म्हणून या वेळी एकाच महिन्याच्या गोळ्या मिळाल्या.

युक्ती मात्र त्याआधीच, ज्येष्ठात यशस्वी झाली होती. रुचिकाचे काका येऊन गेले. चहा घेतला, बोंबील खाल्ले, आणि घरी जाऊन निरोप पाठवला की मुलगा गुणी आहे पण अंगात काही नाही. कृष्णाबाई दोन दिवस बाजारात गेल्या नाहीत. दिपेश मात्र त्या रात्री ढोलकी घेऊन बसला आणि बोटांनी हलकेच वाजवत राहिला.

"उद्यापासून सुरू," तो मला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वेसाव्याच्याच दुसऱ्या गल्लीतून दुसरं स्थळ आलं.

असे चार महिने गेले.

खोकला लागला तेव्हा तो म्हणाला, पावसाचा आहे. ताप आला तेव्हा म्हणाला, सगळ्यांनाच येतोय. वजन एक्कावन्नवर आलं तेव्हा मात्र काही म्हणाला नाही. व्हिडिओवर केतनने त्याला पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून तो पहिल्यांदाच वेसाव्याला आला. कृष्णाबाई बाजारात होत्या. आल्या आल्या त्याने दिपेशच्या ढोलकीच्या पिशवीत हात घातला, बाटली काढली, झाकण उघडलं आणि मला उपटून बाहेर फेकलं. मी खाटेखाली जाऊन पडलो. त्याने बाटली हलवली.

आवाज घट्ट आला. भरल्या बाटलीचा.

"ही पंधरा दिवसांपूर्वी भरलीस ना? यात तीस आहेत, दिप्या. तीस."

दिपेश भिंतीला टेकून बसला. मग सगळं सांगितलं. स्थळ, गाल, मढचे काका, सगळं. केतन ऐकत राहिला.

"म्हणजे लग्न मोडायला तू स्वतःला मोडलंस?"

"दोनच महिने म्हणून…"

"अरे, नाही म्हणायचं ना! तोंड दिलंय ना देवाने!"

"तुझ्या आईने ऐकलं म्हणून बोलतोस. माझी आई बाजारात बसते रे. चार बायकांत. तिला काय म्हणतील त्या?"

"आणि मला रोज सकाळी काय सांगत होतास? मी काय खुळा म्हणून खुळखुळा वाजवत होतो?"

त्यावर दिपेश हसायला गेला आणि खोकला लागला. पाच मिनिटं थांबलाच नाही. केतनने पाणी आणलं, पाठ चोळली, आणि स्वतःच्या हाताने गोळी भरवली. "उद्या घाटकोपर," तो म्हणाला. दिपेश म्हणाला, "नारळी पुनवेला बँड आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊ, नक्की."

केतन गेल्यावर दिपेशने खाटेखालून मला शोधून काढलं, फुंकर मारली, आणि परत बाटलीत कोंबलं. सवय, दुसरं काय.

गोळी पुन्हा सुरू झाली. रोज, न चुकता, आठ वाजता. अकरा दिवस. नारळी पौर्णिमेला कृष्णाबाईंनी नेहमीपेक्षा मोठा नारळ घेतला. समुद्राला वाहताना त्या बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. दिपेशने त्या दिवशी ढोलकी वाजवली, पण अर्ध्यातच डोकं धरून खाली बसला. दुसऱ्या दिवशी त्याला उजेड सहन होईना. संध्याकाळी तो आईला ओळखेना.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, क्षय, मेंदूपर्यंत चढलाय. केतनने त्यांना बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. नऊ दिवस. गोळीची काही चूक नव्हती मित्रांनो, तिला फक्त उशिरा बोलावलं. नवव्या दिवशी दुपारी दिपेश गेला. पंचवीस वर्षं, पाच महिने.

मी हे सगळं घरात, ढोलकीच्या पिशवीत पडून ऐकलं. त्याला घरी आणलं तेव्हा शेजारच्या भाऊंनी विचारलं, "कृष्णाबाई, कापूस हाय का घरात?" कृष्णाबाई उठल्या. एकवीरेच्या फोटोमागून निळ्या कागदातली सुरळी काढून त्यांच्या हातात दिली. माझी उरलीसुरली भावंडं त्या दिवशी दिपेशच्या नाकात गेली.

म्हणजे तोही गप्प झाला, आमच्याच मदतीने. आमच्या घराण्याचं काम चोख असतं.

केतन दारात उभा होता. कुणीतरी विचारलं, हा कोण? कुणीतरी सांगितलं, बँडमधला असेल.

बारावं झाल्यावर कृष्णाबाईंनी ढोलकीची पिशवी उघडली. बाटली काढली, तळहातावर ठेवली, जरा वर-खाली केली. मग दिपेशच्या फोनवरून केतनला बोलावून घेतलं. "ह्या परत द्यायच्या कुटं असतात?" एवढंच विचारलं. दोघं मेट्रोने घाटकोपरला आले. आपणही याच गोळ्या घेतो, एवढंच केतनने वाटेत सांगितलं. कृष्णाबाई पहिल्यांदाच मेट्रोत बसल्या होत्या. सगळा वेळ बाटली मुठीत.

केंद्रात संघमित्रा मॅडमनी त्यांना खुर्ची दिली.

"ह्या उरल्यात," कृष्णाबाई म्हणाल्या. "ताज्या हायेत. दुसऱ्या कुनाच्या पोराला होतील."

"आई, या दुसऱ्याला देता येत नाहीत. पण ठेवा, मी बघते." त्यांनी वही पुढे ओढली. "तुम्हाला… ठाऊक होतं?"

"कसल्या हायेत ते नाय ठाऊक. हायेत ते ठाऊक व्हतं. पयल्या महिन्यापासून." त्यांनी बाटली पुन्हा तळहातावर घेतली. "मासळीवाली मी. हाताला वजन कळतं. रोज रात्री तो झोपला की पिशवीत हात घालून उचलून बघायची. रोज इवलीशी हलकी. बाटली हलकी व्हायची, पोर भरायचं. म्हटलं, चांगलं काय तरी हाय. बोलत नाय तर नको बोलू."

केतन जमिनीकडे पाहत होता.

"मग उन्हाळ्यात बघते तर हलकी होईना. काल तेवढीच, आज तेवढीच. मना वाटलं… मना वाटलं, बरा झाला. डॉक्टरनी बंद केल्या आसतील. देवाला मोठा नारळ बोलले मी. तोच वाहिला पुनवेला."

"पण बारीक होत होता ना तो," केतन म्हणाला.

"दिसत व्हतं रं. डोळ्याला दिसत व्हतं, पन हाताला वाटलं बरा झाला. विचारायचं तर बाटलीत हात का घातलास म्हनला आसता. म्हनून नाय विचारलं." त्यांनी केतनकडे पाहिलं. "तुला तरी कसं नाय कळलं? तू रोज फोन करायचास ना?"

"वाजत नव्हती, मावशी."

संघमित्रा मॅडमनी झाकण उघडलं. मला चिमटीत धरून बाहेर काढलं आणि टेबलाच्या कडेला ठेवलं. झाकण लावलं आणि मोजण्याआधी, हाताच्या सवयीने, बाटली एकदा हलवली.

खळ् खळ् खळ्.

कृष्णाबाई दचकल्या. बाटलीकडे पाहत राहिल्या.

"वाजते व्हय ही?" त्या म्हणाल्या.

मॅडमनी गोळ्या मोजल्या. एकोणीस. वहीत लिहिल्या. मग केतनची गोळी घेण्याची वेळ टळली आहे का, असं कृष्णाबाईंनी विचारलं. तो म्हणाला, सकाळीच घेतली. "दाव," त्या म्हणाल्या. त्याने पिशवीतून आपली बाटली काढली. कृष्णाबाईंनी ती तळहातावर तोलली, कानाजवळ नेऊन हलवली आणि परत दिली. "उद्या फोन कर," त्या म्हणाल्या. "आठला. मी बंदरावर आसंन, पन उचलीन." मग दोघं गेले.

मित्रांनो, मी साधा बोळा. उपदेश करायची माझी पात्रता नाही. तरी एवढं सांगतो. तुमच्या घरात कुणी रोज गोळी घेत असेल, कशाचीही असेल, तर ती वाजू द्या. तिचा आवाज फार मोठा नसतो. आणि कुणी वाजवत नसेल तर एकदा विचारा. तो चिडेल, तुम्ही चोरून पाहिलंत म्हणेल. म्हणू द्या. माझ्या दोन वर्षांच्या शांततेत तीन माणसं एकमेकांना जपत बसली, आणि त्यातला एक त्या जपण्यातच गेला. अशी शांतता राखणाऱ्याची नोंद इतिहासात होऊ नये, असं आता मला वाटतं.

बाकी माझं मागणं काही नाही. मी अजून त्या टेबलाच्या कडेलाच आहे. केंद्रातल्या मावशी झाडू घेऊन येताना दिसतायत, आणि त्यांच्या हातात पिवळी पिशवी आहे. कुणी ओळखीचं असेल तर त्यांना तेवढं सांगा. ती पिशवी रक्त लागलेल्या कापसासाठी असते. माझ्यावर रक्ताचा एक थेंबही नाही, हवं तर उलटून पाहा. मला साध्या सुक्या कचऱ्यात टाकलं तरी चालेल.